बसायचं का?



व्याख्यानाचं नाव पत्रिकेत छापून आल्यावर संयोजकांना दोन फोन आले म्हणे. एकानं विचारलं, हे नाव स्मृतिव्याख्यानाला शोभतं का? दुसऱ्यानं विचारलं, कुठं?

दुसऱ्याचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. शेवटी आपल्याला तिथंच यायचं आहे.

मराठीत ‘बसणे’ हे क्रियापद मोठं मजेशीर. माणसं पंगतीला बसतात, पोथीला बसतात, भजनाला बसतात, उपोषणाला बसतात. कशाला बसायचं ते प्रत्येक वेळी सांगावं लागतं. पण दिवेलागणीला, दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं असताना, कुणी नुसतं ‘बसायचं का?’ म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. त्या वाक्यात दारू नाही, बाटली नाही, ग्लास नाही. त्यात फक्त सोबत आहे. पिणारा पहिल्यांदा पितो तो बहुतेक वेळा त्या सोबतीसाठी. ठरलेली वेळ असते, ठरलेला धाबा असतो, खुर्ची ठरलेली असते, चकणा काय मागवायचा हेसुद्धा ठरलेलं असतं. पिण्याची व्यवस्था अशी चोख आहे. सोडण्याची काय व्यवस्था आहे?

सोडण्यासाठी आपल्याकडं शपथ आहे.

लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. माहूरगडावर जाऊन शपथ. मेव्हण्याला समोर बसवून, म्हाताऱ्या आईच्या पायाला हात लावून शपथ. आणि शपथ नेहमी कायमची. ‘आजपासून आयुष्यात शिवणार नाही.’ आता बघा, ज्या माणसाला संध्याकाळचे सात वाजून गेलेले सोसत नाहीत, त्याच्याकडून आपण पुढची चाळीस वर्षं लिहून घेतो. तो बिचारा लिहूनही देतो. मनापासून देतो, हे घरच्यांना पटत नाही, पण खरंच मनापासून देतो. शपथ पोळ्यापर्यंत टिकते आणि करीच्या दिवशी तुटते. मग पिण्याला आणखी एक कारण मिळतं : लेकराची शपथ मोडली.

राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं. शंभर वर्षं उलटली. सुधाकर आठवतो, सिंधू आठवते, तळीराम तर म्हणीसारखा झाला. पण त्या नाटकातली सगळ्यात नेमकी नजर पडली आहे ती ‘आर्य मदिरा मंडळा’वर. पिणाऱ्यांचं मंडळ! त्याच्या बैठका, त्यातली भाषणं, एकमेकांना दिलेला आधार. प्रेक्षक पोट धरून हसतात. पण मंडळ आहे ते तळीरामाकडं, हे ध्यानात घ्या. सुधाकर सोडायचं ठरवतो तेव्हा त्याच्याकडं निश्चय आहे, पश्चात्ताप आहे, रामलालसारखा सज्जन मित्र आहे, देवतेसारखी बायको आहे. मंडळ नाही. गडकऱ्यांनी हे मुद्दाम केलं असेल असा दावा नाही. पण नाटक पुन्हा वाचताना ती रिकामी जागा डोळ्यांत खुपते.

ती जागा भरली गेली ती हजारो मैलांवर, १६ वर्षांनी, आणि योगायोगानं.

अमेरिकेत ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचं रबराच्या कारखान्यांचं गाव. तारीख ११ मे १९३५, शनिवार. न्यूयॉर्कहून आलेला बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला एक माणूस मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात येरझाऱ्या घालतोय. ज्या सौद्यासाठी आला तो फिसकटलेला. खिसा जवळजवळ रिकामा. या माणसानं दारूपायी सगळं घालवलेलं, इस्पितळाच्या वाऱ्या झालेल्या, आणि आता पाच महिने तो प्यायलेला नाही. एका बाजूला हॉटेलचा बार. आतून हसण्याचा, ग्लासांचा आवाज येतोय. दुसऱ्या बाजूला टेलिफोन, आणि त्याशेजारी गावातल्या चर्चची यादी.

त्याला त्या क्षणी एक गोष्ट कळली. गेले पाच महिने तो न्यूयॉर्कमध्ये इतर दारुड्यांच्या मागं लागला होता, त्यांनी सोडावी म्हणून. एकानंही सोडली नव्हती. पण त्या खटाटोपात तो स्वतः प्यायला नव्हता! म्हणजे आत्ता त्याला उपदेशक नको होता, डॉक्टर नको होता. त्याला आणखी एक दारुडा हवा होता, बोलायला.

त्यानं फोन उचलला. या पाद्र्याकडून त्या माणसाकडं, त्या माणसाकडून हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंकडं, असं करत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्याच्यासमोर डॉक्टर बॉब स्मिथ येऊन बसले. शल्यचिकित्सक. हात थरथरतात म्हणून पिणारे, आणि पितात म्हणून हात थरथरणारे. डॉक्टरांनी बायकोला आधीच बजावलं होतं, पंधरा मिनिटं, जास्त नाही. दोघं उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

सहा तास काय बोलले असतील? बिलनं डॉक्टरांना दारूचे दुष्परिणाम सांगितले नाहीत. डॉक्टरला ते काय सांगायचे! त्यानं स्वतःचं सांगितलं. कुठं पडलो, कुणाला फसवलं, बायकोच्या पर्समधून काय काढलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या आजाराची आतली खबर असलेला माणूस भेटला, असं डॉक्टर नंतर सांगत. पुढं ते एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पुन्हा प्यायले. हो, प्यायले. परतल्यावर एक शस्त्रक्रिया होती. हात स्थिर राहावा म्हणून बिलनंच त्यांना सकाळी बिअरची एक बाटली दिली. तो दिवस १० जून १९३५. ती त्यांची शेवटची दारू. जगभरात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., हा दिवस स्थापनादिन मानतं. उद्घाटनाला बिअरची बाटली असलेली व्यसनमुक्तीची दुसरी चळवळ नसेल.

ही चळवळ भारतात आली तीही अशीच, माणसामागं माणूस. दिल्लीत नोकरीनिमित्त आलेल्या एका कॅनडियन सदस्यानं वर्तमानपत्रात छोटीशी जाहिरात दिली, मुंबईहून उत्तर आलं, आणि १९५७ साली मुंबईत पहिला गट बसू लागला. बसू लागला! शब्द तोच.

आता या मीटिंगमध्ये होतं काय? ऐकीव गोष्टी पुष्कळ आहेत. कुणाला वाटतं तिथं प्रवचन असतं, कुणाला वाटतं शॉक देतात.

नवखा माणूस दारात उभा राहतो तेव्हा त्याला बहुधा एक शाळेचा वर्ग दिसतो, नाहीतर चर्चची खोली, नाहीतर दवाखान्याचा हॉल. वर्ग असला तर बाकं मुलांची, गुडघे छातीशी येतात. फळ्यावर दुपारच्या गणिताचं उदाहरण अर्धं पुसलेलं. भिंतीला दोन कापडी फलक टांगलेले, बारा पायऱ्यांचा एक आणि बारा परंपरांचा एक. मीटिंग सुटली की ते गुंडाळून कुणीतरी पिशवीत घालून घरी नेतो. दहा-पंधरा माणसं. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक, रिक्षाचा खाकी घातलेला एक, निवृत्त मास्तर, बँकेतला, गवंडी. नवखा आधी ओळखीचा चेहरा शोधतो, सापडू नये म्हणून.

त्या दिवसाचा अध्यक्ष चार ओळी वाचतो. फी नाही. नाव नोंदवायचं नाही. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. सोडलेली असण्याचीही अट नाही, इच्छेची आहे. मग एकेक जण बोलतो. आधी पहिलं नाव, आडनाव नाही. आपल्याकडं आडनाव गळलं की किती गोष्टी आपोआप गळतात हे मराठवाड्यातल्या श्रोत्यांना समजावून सांगायला नको. नावापाठोपाठ ‘मी एक मद्यपी आहे’ हे वाक्य. त्याला ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही. ‘तू असं करायला पाहिजे होतं’ म्हणत नाही. सल्ला नाही. बोलणारा फक्त स्वतःचं बोलतो.

नवख्याला धक्का बसतो तो रडण्याचा नाही, हसण्याचा. बाटली कुठं कुठं लपवली होती याच्या हकिगती निघतात. कडब्याच्या गंजीत. कूलरच्या पाण्यात. फ्लशच्या टाकीत. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, स्टार्टरच्या मागं. सगळे हसतात, आणि नवख्याच्या लक्षात येतं की स्टार्टरच्या मागची जागा आपल्याला सुचली नव्हती. हसताहसता तो त्या पंधरांतला एक झालेला असतो. मग कुणी सांगतो की मुलगी म्हणाली, ‘बाबा, गॅदरिंगला येऊ नका.’ तेव्हा कुणी हसत नाही. शेवटी एक डबा फिरतो, ज्याला जमेल त्यानं दहा-वीस रुपये टाकायचे. त्यातून खोलीचं भाडं आणि चहा. बाहेरच्याची देणगी घ्यायची नाही हा नियम. आमदार निधीतून सभागृह बांधून देतो म्हणाला तरी नाही! असा नियम आपल्या इतर मंडळांनी पाळायचा ठरवला तर किती मंडळं उरतील, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

आणि हिशेब कशाचा? आजचा. आज नाही प्यायचं. उद्याचं उद्या. शपथेच्या नेमकं उलट. सकाळी उठल्यावर चोवीस तासांचा करार, रात्री झोपताना संपला. पंचवीस वर्षं न प्यालेला माणूसही ‘आजचा दिवस’ म्हणतो. हे पाठांतर वाटतं, ऐकायला थोडं बाळबोधही वाटतं. पण ज्याला पोळ्याची कर पार पाडायची आहे त्याला चाळीस वर्षांपेक्षा चोवीस तासच परवडतात.

इथं कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की आपल्याकडं असं काही नव्हतंच का? होतं. माळ होती.

गावोगावचे कितीतरी अट्टल पिणारे माळकरी झाले आणि सुटले. हे कुणाला नाकारता येणार नाही. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा, पण व्यवस्था म्हणून माळेकडं बघा. तुळशीची माळ गळ्यात पडली की माणसाला काय मिळतं? संध्याकाळी सात ते नऊ हरिपाठ, भजन. म्हणजे नेमका धाब्याचा वेळ भरला. पंधरा दिवसांनी एकादशी, वर्षातून वारी, दिंडीत ठरलेली जागा, हातात टाळ. पिणाऱ्याचे हात मोकळे राहिले की घात होतो, हे टाळ देणाऱ्याला कळलं होतं. ‘माउली’ म्हणून हाक मारणारी चार नवी माणसं मिळाली. लोक समजतात माळ ही शपथ आहे. माळ शपथेपुरती असती तर तीही करीच्या दिवशी तुटली असती. ती टिकते ती भजनी मंडळामुळं.

मग माळ आहे तर मीटिंग कशाला? फरक एकाच ठिकाणी आहे, पण तो जीवनमरणाचा आहे. माळ घातलेला पुन्हा प्यायला तर तो माळ काढून ठेवतो आणि मंडळाच्या रस्त्यानं जाणं टाळतो. पावित्र्य भंगलं. तोंड दाखवायची सोय उरत नाही. मीटिंगमध्ये पडलेल्याला ‘स्लिप झाली’ एवढंच म्हणतात आणि खुर्ची सरकवून देतात. तो पुढच्या वेळी उभा राहून ‘माझा आज दुसरा दिवस’ म्हणतो आणि टाळ्या त्यालाही पडतात. ज्या आजाराचा स्वभावच उलटण्याचा आहे, त्यात परत येण्याचा दरवाजा उघडा ठेवणं हा निम्मा उपचार आहे. आपल्या भजनी मंडळांनी हा एक दरवाजा किलकिला केला, तर गावोगाव गट काढायला मुंबईहून कुणी यायची गरज नाही.

बरं, हे सगळं भावनेचं बोलणं झालं. पुरावा काय?

बरीच वर्षं पुरावा डळमळीत होता. २००६ साली वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं ठोस काही सांगता येत नाही असाच निष्कर्ष दिला होता. २०२० साली त्याच संस्थेनं २७ अभ्यास आणि १० हजारांवर माणसांची माहिती पुन्हा तपासली. पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून दिलेल्यांपैकी वर्षभरानं ४२ टक्के पूर्ण कोरडे होते. इतर मान्यताप्राप्त उपचार घेतलेल्यांपैकी ३५ टक्के. फरक सात टक्क्यांचा. फुकट चालणारी, पगारी माणूस नसलेली खोली शिकल्यासवरल्या उपचारांच्या बरोबरीनं आणि थोडी पुढं उभी राहते, हे काही लहान नाही. पण ४२ म्हणजे निम्म्याहून कमी, हेही तितकंच खरं. ही जादू नाही. कुणाला त्यातली ईश्वराची भाषा रुचत नाही. ज्याला जसा समजेल तसा ईश्वर अशी मोकळीक असली तरी रुचत नाही. कुणाला चारचौघांत बोलता येत नाही. त्यांच्यासाठी समुपदेशन आहे, औषधं आहेत. एकाच दारातून सगळ्यांनी आत यावं असा हट्ट कुणी धरू नये.

महाराष्ट्रानं स्वतःचं दारही काढलं. १९८६ साली, २९ ऑगस्टला, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि डॉक्टर सुनंदा अवचटांनी काम उभं केलं. सुरुवात गर्दवाल्यांसाठी झाली, पण पुढं खाटांवर दारूवालेच जास्त दिसू लागले. तिथली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की बरे झालेले रुग्णच पुढं तिथले कार्यकर्ते झाले. अ‍ॅक्रनचं तेच तत्त्व येरवड्यात मराठी बोलू लागलं. सुनंदाबाई १९९७ साली गेल्या. काम थांबलं नाही.

आता थोडं नांदेडजवळच्या या विष्णुपुरीचं.

या परिसरात विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. गोदावरीवरचं धरण आहे, काळेश्वर आहे. विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, १९४७-४८ साली, स्वामीजींच्या कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडं तोडली. का? निजामाच्या खजिन्यात अबकारीचा पैसा मोठा. झाड पडलं की महसूल पडला. सरकारची कमाई आणि लोकांची नशा एकाच झाडाला लटकलेली असते हे त्या पिढीला कळत होतं. त्याआधी १८८० साली महात्मा फुल्यांनी पुण्यात दारूच्या गुत्त्यांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं तेही याच जाणिवेनं. झाडं तोडली. निजाम गेला. पण सीमेवरच्या देगलूर-बिलोलीकडं शिंदी काही गेली नाही, आणि अबकारीचा मोह कुठल्याच सरकारचा गेला नाही. वर्धा, गडचिरोली, चंद्रपूर इथल्या दारूबंदीचा वाद इथं उकरत नाही. ए.ए. त्या वादात कोणत्याच बाजूनं नसतं. अमेरिकेतच १८४० साली बाल्टिमोरच्या सहा दारुड्यांनी अशी एक मोठी चळवळ उभी केली होती. बंदीच्या राजकारणात ओढली गेली आणि काही वर्षांत विरली. दुकान बंद करणं ही गावाची लढाई. दुकान उघडं असतानाही समोरून चालत जाता येणं ही त्या एका माणसाची.

रुग्णालयाचा उल्लेख केला तो एका कारणानं. कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या अस्थिव्यंग वॉर्डात हे दृश्य घडतं. मोटारसायकलवरून पडून पाय मोडलेला माणूस दाखल होतो. पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो. तिसऱ्या रात्री तो चादरीवरचे नसलेले किडे वेचू लागतो, भिंतीवरच्या माणसांशी बोलतो, सलाईन उपटतो. आई म्हणते, बाहेरची बाधा झाली. गावाकडं फोन जातो, अंगारा येतो. ती बाधा नसते. दारूला सरावलेल्या मेंदूची दारू अचानक तुटलेली असते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत हा उन्माद, आणि उपचार न झाल्यास माणूस दगावू शकतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून, ‘आता बघू कसा पितो’ म्हणणं हा प्रेमाचा नव्हे, धोक्याचा प्रकार आहे. आधी डॉक्टर, झटके थोपवणारी औषधं, बी-वन जीवनसत्त्व. मीटिंग त्यानंतर. ए.ए.चे जुने लोकही हाच क्रम सांगतात.

तसंच ते भिंतीवरचं : ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा.’ भाजीत मिसळायची पूड! अशा पुड्यांत काय असतं ते कुणी सांगत नाही. दारूबरोबर रिअ‍ॅक्शन येणारं औषध खरंच आहे. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं द्यायचं असतं. न सांगता दिलं आणि तो वरून प्यायला तर चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, आणि कधी कधी जिवावर. बाईनं संसार वाचवायला घातलेली पूड तिलाच कुठं घेऊन जाईल याचा विचार जाहिरातवाला करत नाही.

बाईचा विषय निघालाच आहे. पुरुष पितो, पण घर आजारी पडतं. पगाराच्या दिवशी फाटकात उभं राहणं, ज्वारीच्या कोठीत पैसे लपवणं, साहेबांना फोन करून ‘यांना ताप आहे’ सांगणं, रात्री पायरी वाजली की पाऊल ओळखून मुलांना झोपायला लावणं. ही सगळी नोकरीच आहे, बिनपगारी. बिल विल्सनची बायको लोइस हिनं १९५१ साली घरच्यांसाठी वेगळ्या बैठका संघटित केल्या. त्या अल-अनॉन. चेन्नईत शांती रंगनाथन यांचे पती दारूनं तरुणपणीच गेले, आणि १९८० साली त्यांनी टीटीके रुग्णालयाचं काम सुरू केलं. मुक्तांगणमध्ये पत्नींचे ‘सहचरी’ गट आहेत. तिथं बाईला पहिल्यांदा ऐकू येतं की हे तिच्यामुळं झालेलं नाही, तिच्या स्वयंपाकामुळं नाही, तिच्या तोंडामुळं नाही. सासूनं वीस वर्षं उलटं सांगितलेलं असतं. नवरा मीटिंगला जावो न जावो, तिनं जावं. आणि पिणारी बाई? देशाच्या पाहणीत पिणाऱ्या बायकांचं प्रमाण १.६ टक्के निघालं. कमी आहे, म्हणून तिचं लपणं आणखी खोल. तिला तर अंगाराही उघड मागता येत नाही.

त्या पाहणीतलाच आणखी एक आकडा. दिल्लीच्या एम्सनं सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेली ही पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. देशात साधारण १६ कोटी लोक दारू पितात, त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. आणि दारूवर पुरते अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसला ना कसला उपचार मिळतो. नांदेड-लातूर एस.टी. डोळ्यांसमोर आणा. अडतीस जण बसलेत. दवाखान्याच्या थांब्यावर एकच उतरतो.

बाकीचे का उतरत नाहीत? थांबा कुठं आहे ते माहीत नाही, हे एक. आणि कुणी पाहील, हे दुसरं.

दुसऱ्याचं आधी. चार गल्ल्यांच्या गावात निनावी कसं राहायचं, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण जरा गंमतही बघा. ज्याला नाल्याच्या कडेला पडलेलं अख्ख्या गावानं पाहिलं, तो सोडायला जाताना कुणी पाहू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधतो! तरी त्या रुमालाचा मान राखला पाहिजे. सुरुवातीला शेजारच्या तालुक्याची मीटिंग धरावी. २०२० च्या टाळेबंदीपासून मोबाइलवरही बैठका चालतात. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं. शेतात, मोटारीच्या खोलीत बसूनही. स्टार्टरच्या मागं आता काही नसलं म्हणजे झालं.

आणि थांबा कुठं? १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी फोन, पैसे लागत नाहीत. मन फार खचलं असेल तर टेलिमानस, १४४१६. शासकीय रुग्णालयातला मनोविकार विभाग. ए.ए.च्या संकेतस्थळावर गावोगावच्या बैठकांचे वार आणि वेळा असतात. जाण्याआधी तिथल्या नंबरवर फोन करावा, कारण शाळेला सुट्टी लागली की खोली बदलते. ‘ओपन मीटिंग’ असेल तर घरचे, विद्यार्थी, कुणीही जाऊ शकतं. ‘क्लोज्ड’ फक्त स्वतः पिणाऱ्यांसाठी. एका मीटिंगवरून ठरवू नये. धाबासुद्धा पहिल्याच फेरीत कुणी पक्का केला नव्हता. आणि शेवटची एस.टी. कितीची ते विचारून निघावं. सातची मीटिंग साडेआठला सुटते, गाडी आठला गेलेली असते, आणि थांब्यासमोरच परमिट रूमचा दिवा लागलेला असतो. मीटिंग सुटल्यावर मागं सोडायला येणारा मोटारसायकलवाला सभासद हा बारा पायऱ्यांत लिहिलेला नाही, पण त्याच्याशिवाय कित्येक जण दुसऱ्या मीटिंगला आलेच नसते.

समजा गावात गटच नाही. मग? नियमाप्रमाणं दोन माणसं पुरतात. अ‍ॅक्रनला तरी किती होते?

त्या दोघांनी पुढं काय केलं तेवढं सांगून थांबायचं आहे. जून १९३५. डॉक्टर बॉबनी शेवटची दारू सोडून थोडेच दिवस झालेले. दोघांनी गावातल्या इस्पितळात फोन केला आणि विचारलं, तुमच्याकडं दारूचा कुणी पेशंट आहे का? नर्स म्हणाली, आहे की, नुकताच आलाय, येतायेता दोन नर्सचे डोळे सुजवलेत, खाटेला बांधून ठेवलाय. तो वकील होता, सहा महिन्यांत आठव्यांदा दाखल झालेला. दोघं गेले. खाटेच्या दोन बाजूंना बसले. त्याला वाटलं आता उपदेश सुरू होणार. त्याऐवजी ते दोघं आपापल्या दारूच्या गोष्टी सांगू लागले. बऱ्याच वेळानं खाटेवरचा माणूस म्हणू लागला, हो, मीही असाच, अगदी असाच. ४ जुलैला तो बायकोबरोबर चालत घरी गेला. परत प्यायला नाही. तो तिसरा.

विष्णुपुरीचं रुग्णालय इथून लांब नाही. तिसऱ्या रात्री चादरीवरचे किडे वेचणारा माणूस तिथं कुठल्या ना कुठल्या वॉर्डात येत राहतोच. शुद्धीवर आल्यावर, पाचव्या-सहाव्या दिवशी, त्याच्याशेजारी बसायला या सभागृहातून दोघं निघाले तर समाजसेवा अधीक्षकांना जाऊन भेटावं लागेल, परवानगी घ्यावी लागेल, आणि खाटेजवळ ठेवायला दोन स्टुलं मागून घ्यावी लागतील.